राहून गेलेला ‘ॲड’: एका ट्रंक पोर्टचं प्रकरण

काम तसं छोटं होतं. दोन इमारती आणि मध्ये फायबरची एकच जोडी. पहिल्या इमारतीत कोअर स्विच, म्हणजे जाळ्याचा मुख्य स्विच, दुसरीत उपकरणं थेट जोडायचा ४८ पोर्टचा ॲक्सेस स्विच, दोन्ही सिस्को कंपनीच्या आयओएस या प्रणालीवर चालणारे. दुसऱ्या इमारतीत आठ नवी हजेरी यंत्रं बसली होती. ती बाकी जाळ्यापासून वेगळी ठेवायची म्हणून व्हीलॅन ४०, म्हणजे त्याच स्विचांवर एक वेगळं आभासी जाळं, तयार करायचा होता. संध्याकाळी सातनंतर तासभर वेळ मिळाला होता. मला वाटलं, पंधरा मिनिटंही पुरतील.

मी पहिल्या इमारतीत माझ्या टेबलावर होतो. समोर एसएसएचच्या, म्हणजे दुरून स्विचला कमांड द्यायच्या, दोन विंडो होत्या, डावीकडे कोअर आणि उजवीकडे पलीकडचा ॲक्सेस स्विच. शेजारी माझा तरुण सहकारी बघत बसला होता, कारण पुढच्या वेळी हे काम त्याने करायचं असं ठरलं होतं.

आधी पलीकडचा स्विच घेतला. व्हीलॅन ४० तयार केला, आठ पोर्ट त्यात टाकले आणि अपलिंकच्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र वाहून नेणाऱ्या कोअरकडच्या जोडणीवर, परवानगीच्या यादीत ४० ची भर घातली. ती ओळ माझ्या जुन्या टिपणातून उचलून चिकटवली होती:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४०

मग कोअरकडे वळलो. तिथेही व्हीलॅन ४० तयार केला, त्याचा इंटरफेस, म्हणजे कोअरवरचं त्या व्हीलॅनचं दार, बनवून आयपी पत्ता दिला आणि दुसऱ्या इमारतीकडे जाणाऱ्या पोर्टच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, शिरलो. आता फक्त तीच ओळ पुन्हा द्यायची होती. ती मी हाताने टाइप केली, तीही आखूड करून. आयओएसला पूर्ण शब्द लागत नाहीत. पहिली दोन-चार अक्षरं एकाच कमांडशी जुळली की त्याला पुरतं. म्हणून ‘स्वि ट्र अला व्ही ४०’ असं काहीसं लिहून एंटर मारला. प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड लिहायची खूण, लगेच परत आला. एरर आली नाही की वॉर्निंग आली नाही, खालच्या ओळीत कर्सर लुकलुकत राहिला.

उजव्या विंडोत जाऊन ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ लिहिलं. अक्षरंच उमटेनात. पुन्हा लिहिलं, मग तिसऱ्यांदा लिहिलं. लॅपटॉप अडकला असेल असं वाटलं. तेवढ्यात दुसऱ्या इमारतीच्या सुरक्षारक्षकाचा मोबाइलवर फोन आला, “साहेब, सगळे कॅमेरे काळे पडलेत, आणि टेबलावरचा फोनपण मेलाय.”

सहकारी उठलाच. “सर, फायबर बघून येतो.” आणि निघालाही. मला त्याचं चुकलं असं वाटत नाही. इमारतच्या इमारत गेली की पहिला संशय तारेवरच जातो. पण मी दोन मिनिटांपूर्वी त्याच पोर्टवर एंटर मारला होता. ज्या जागी शेवटचा हात लागला तिथून बघायला सुरुवात करायची, हे मला तेव्हा सुचलं याचं आजही बरं वाटतं.

कोअरवर ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ दिलं. पोर्ट कनेक्टेड दिसत होता. ‘शो सीडीपी नेबर्स’ दिलं, तर पलीकडचा स्विच यादीत जागच्या जागी होता, होल्डटाइम १७१. सीडीपी म्हणजे शेजारच्या उपकरणाला आपली ओळख सांगत राहायची सिस्कोची पद्धत. तिची हाक दर ६० सेकंदांनी येते. प्रत्येक हाकेला होल्डटाइम, म्हणजे ती नोंद यादीत टिकायची उरलेली सेकंदं, १८० वर जातो आणि तिथून उतरू लागतो. मिनिटभराने पुन्हा पाहिलं, आकडा परत १७० च्या वर होता. म्हणजे फायबर शाबूत होतं, पलीकडचा स्विच चालू होता आणि हाकाही मारत होता. ट्रंकवरच्या परवानगीच्या यादीतून व्हीलॅन काढले तरी सीडीपीसारखी नियंत्रणाची फ्रेम जात राहते, ही माहिती अशा वेळी सोन्यासारखी असते. शेजारचा स्विच ऐकू येतोय पण रहदारी जात नाही, तेव्हा तार सोडून व्हीलॅनकडे बघायचं. सहकाऱ्याला फोन करून जिन्यातून परत बोलावलं.

मग फक्त त्या एका पोर्टचं कॉन्फिग मागितलं, ‘शो रनिंग-कॉन्फिग इंटरफेस’ आणि पुढे पोर्टचा क्रमांक. पाच ओळी आल्या. त्यातली एक होती:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०

‘ॲड’ नव्हता. त्या एका शब्दाने अर्थ पार बदलतो. ‘ॲड ४०’ म्हणजे आहे त्या यादीत ४० ची भर घाल. नुसतं ‘४०’ म्हणजे आधीची यादी पुसून टाक आणि फक्त ४० ठेव. दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आहेत, म्हणून स्विचला तक्रार करायचं कारणच नव्हतं. मी पलीकडच्या स्विचशी ज्या मॅनेजमेंट व्हीलॅनमधून बोलत होतो, तोही पुसल्या गेलेल्यांत होता. म्हणून उजवी विंडो मुकी झाली होती.

आखूड कमांड मी रोज लिहितो आणि लिहीत राहणार. पण आखूड रूपात डोळ्याला शब्द दिसत नाहीत, नुसते तुकडे दिसतात. पूर्ण ओळीत ‘ॲड’ नसला तर तिथे खड्डा जाणवतो. चार तुकड्यांच्या ओळीत पाचवा तुकडा राहिला, तर ओळ तेवढीच पुरी वाटते. त्याच कारणाने जी कमांड काही पुसू शकते ती मी आता टॅब दाबत पूर्ण लिहितो. बघायच्या कमांडी कितीही आखूड लिहाव्यात, त्यांनी कुणाचं काही जात नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. भिंतीवर जाळ्याचा नकाशा लावलेला होता, त्यावरून व्हीलॅन वाचले: १० संगणकांचा, २० फोनचा, ३० कॅमेऱ्यांचा, ९९ मॅनेजमेंटचा. ‘ॲड १०,२०,३०,९९’ दिलं. मिनिटभरात रक्षकाचा फोन आला, चित्रं आली म्हणाला. थोड्या वेळाने उजवी विंडोही जागी झाली आणि मी मघाशी टाइप केलेल्या तिन्ही ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ एकामागून एक चालल्या. मेलेल्या विंडोत मारलेली अक्षरं मरत नाहीत. जोडणी तुटली नसेल तर ती वाट बघत थांबतात आणि रस्ता उघडला की पोचतात. त्या तीन ओळींच्या जागी मी घाबरून कॉन्फिगची एखादी कमांड मारली असती, तर तीही नको त्या वेळी तिथे पोचली असती.

एकूण चार मिनिटं गेली. ‘राइट मेमरी’ मारून कॉन्फिग सेव्ह केलं, लॅपटॉप मिटला आणि घरी गेलो.

प्रकरणातली मोठी चूक हीच, आणि ती तेव्हा चूक वाटलीही नाही. सकाळी सहकारी माझ्या आधी आला होता. म्हणाला, “सर, मॉनिटरिंगवर दोन दिवे अजून लाल आहेत. रात्री सगळेच लाल झाले होते, बाकीचे हिरवे झाले, हे दोन नाही झाले.”

एक दिवा होता दुसऱ्या इमारतीच्या यूपीएसच्या कार्डाचा आणि दुसरा तिथल्या उपकरणांच्या खोलीतल्या तापमापकाचा. दोन्ही व्हीलॅन ७० मध्ये. आणि व्हीलॅन ७० भिंतीवरच्या नकाशात नव्हता, कारण तो नकाशा लागल्यानंतर तयार केला गेला होता. चार मिनिटांत इमारत परत आणल्याच्या आनंदात मी जुनी यादी आठवणीतून आणि भिंतीवरून जुळवली होती. स्विचला विचारलंच नव्हतं.

आणि विचारता आलं असतं. रात्री सातच्या सुमारास, ‘राइट मेमरी’ मारण्याआधी, जुनी यादी त्याच कोअर स्विचमध्ये सुरक्षित होती. कॉन्फिगमध्ये केलेला बदल चालू प्रतीत होतो, म्हणजे रनिंग-कॉन्फिगमध्ये. स्टार्टअप-कॉन्फिग, म्हणजे स्विच सुरू होताना वाचतो ती प्रत, शेवटच्या सेव्हच्या वेळचीच राहते. ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’ पुढे उभी रेघ देऊन ‘सेक्शन’ आणि पोर्टचं नाव लिहिलं असतं, तर ‘१०,२०,३०,७०,९९’ ही ओळ समोर आली असती. सेव्ह करून मी माझ्या हाताने तो पुरावा पुसला. पहिल्या चुकीने चार मिनिटं गेली, या दुसरीमुळे तापमापक रात्रभर आंधळा राहिला. त्या रात्री खोलीतलं वातानुकूलन बंद पडलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

सकाळी यादी सापडली ती दुसऱ्या टोकाला. ट्रंकला दोन टोकं असतात आणि पलीकडच्या टोकाची यादी कुणी बिघडवली नव्हती. दोन्ही स्विचवर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ दिलं. या कमांडचं उत्तर चार भागांत येतं. पहिल्या भागात ट्रंक चालू आहे का आणि नेटिव्ह (खुणेविना जाणारा) व्हीलॅन कोणता, दुसऱ्यात परवानगी असलेले व्हीलॅन, तिसऱ्यात त्यांपैकी त्या स्विचवर प्रत्यक्ष अस्तित्वात असलेले आणि चौथ्यात स्पॅनिंग ट्रीने, म्हणजे जाळ्यात वेटोळं होऊ नये म्हणून वाटा अडवणाऱ्या यंत्रणेने, पुढे जाऊ दिलेले. बरेच जण पहिल्या भागात ‘ट्रंकिंग’ हा शब्द दिसला की थांबतात. खरी गोष्ट खालच्या तिन्हींत असते. व्हीलॅन दुसऱ्यात आहे पण तिसऱ्यात नाही, तर तो त्या स्विचवर तयार करायचाच राहिलाय. तिसऱ्यात आहे पण चौथ्यात नाही, तर स्पॅनिंग ट्रीने अडवलाय किंवा तो प्रून झालाय, म्हणजे गरज नाही म्हणून छाटला गेलाय. पलीकडच्या स्विचवर दुसऱ्या भागात १०,२०,३०,४०,७०,९९ होतं. कोअरवर १०,२०,३०,४०,९९. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की ७० चा खड्डा लहान मुलालाही दिसला असता. ‘ॲड ७०’ दिलं आणि दोन्ही दिवे हिरवे झाले.

सहकाऱ्याने तेव्हा विचारलं, “पण सर, रात्री प्रॉम्प्ट तर नीट आला होता ना?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. कमांड लाइनवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मनात हा समज असतो, फक्त तो कुणी बोलून दाखवत नाही. प्रॉम्प्ट निमूट परत आला याचा अर्थ इतकाच, की वाक्य व्याकरणात बसलं. वाक्य चुकलं तर आयओएस सांगतो. टोपीसारख्या खुणेने चुकीची जागा दाखवतो, अपुरं असेल तर अपुरं म्हणतो, आखूड शब्द दोन ठिकाणी जुळत असेल तर ‘ॲम्बिग्युअस’ म्हणतो. वाक्य बरोबर असलं की तो गप्प बसतो. परिणाम काय झाला हे वेगळं विचारावं लागतं, आणि विचारलं की तो अगदी खरं सांगतो.

त्या रात्रीचं लॉग मी नंतर उघडून पाहिलं आणि वाईट वाटलं. ‘शो लॉगिंग’मध्ये मी एंटर मारला त्या सुमाराच्या दोन ओळी होत्या. एकीत व्हीलॅन ४० चा इंटरफेस अप झाला होता, दुसरीत व्हीलॅन ७० चा डाउन. बाकीच्या व्हीलॅनचे पोर्ट पहिल्या इमारतीतही होते, म्हणून त्यांचे इंटरफेस पडले नाहीत. ७० मात्र फक्त त्या ट्रंकवरच जगत होता. व्हीलॅनला एकही चालू पोर्ट उरला नाही की त्याचा इंटरफेस खाली येतो. नेमका जो व्हीलॅन मी विसरणार होतो, त्याचं नाव स्विचने त्याच क्षणी लिहून ठेवलं होतं. मला ते दिसलं नाही, कारण कन्सोलवर, म्हणजे स्विचला थेट तार जोडल्यावर, लॉग आपोआप दिसतात, एसएसएचमध्ये ‘टर्मिनल मॉनिटर’ दिल्याशिवाय दिसत नाहीत. ती दोन शब्दांची कमांड मी दिली नव्हती. आता लॉगिन झाल्यावर पहिली तीच देतो. लॉगची ओळ टाइप करता करता मध्येच घुसते आणि आपली ओळ फाटते, ही कटकट खरी. पण लाइनच्या कॉन्फिगमध्ये ‘लॉगिंग सिंक्रोनस’ लिहिलं की लॉग येऊन गेल्यावर आपली अर्धी ओळ पुन्हा नीट मांडली जाते.

प्रश्नचिन्हाबद्दलही सांगायला हवं. नवशिके ते वापरतात आणि जाणते झाले की सोडून देतात, माझंही तसंच झालं होतं. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ लिहून, एक जागा सोडून, प्रश्नचिन्ह दाबलं असतं तर सहा पर्याय समोर आले असते: थेट व्हीलॅनची यादी, ॲड, ऑल, एक्सेप्ट, नन आणि रिमूव्ह. यादी आणि ॲड असे दोन वेगळे पर्याय शेजारी दिसले की बोट एंटरवर जायच्या आधी थबकतं. प्रश्नचिन्हाने काही चालत नाही, काही बदलत नाही, अर्धी लिहिलेली ओळही तशीच राहते. त्यात अडाणीपणा नाही. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला सगळ्या कमांडी पाठ असतील, पण कुठली कमांड भर घालते आणि कुठली जागा पुसून नवीन लिहिते, हे त्यालाही दर वेळी आठवेलच असं नाही.

कॉन्फिगमध्ये असताना बघायचं कसं, हीही अनेकांची अडचण असते. बाहेर पडा, बघा, परत शिरा, या येरझाऱ्यांमुळे बघणंच टाळलं जातं. कमांडीच्या आधी ‘डू’ लिहिला की कॉन्फिगमधूनच ‘शो’ चालते. मी त्या पोर्टच्या आत उभा असताना ‘डू शो इंटरफेसेस ट्रंक’ एकदा आधी आणि एकदा नंतर दिलं असतं, तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. उत्तर लांब असेल तर उभी रेघ देऊन ‘इन्क्लूड’ने हव्या त्या ओळी, ‘सेक्शन’ने हवा तो भाग किंवा ‘बिगिन’ने हव्या त्या जागेपासून पुढचं मागता येतं. रेघेनंतरचा शब्द लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळतो. व्हीलॅन शब्दाचं पहिलं अक्षर चुकीचं दिलं तर रिकामं उत्तर येतं, आणि रिकामं उत्तर आलं म्हणजे ती गोष्ट नाहीच असं आपण धरून चालतो. पूर्ण कॉन्फिग फाइलमध्ये उतरवून घ्यायचं असेल तर आधी ‘टर्मिनल लेंथ ०’ द्यावं. नाहीतर दर २४ ओळींनी ‘मोअर’ म्हणत स्विच थांबतो.

यानंतर आमच्यात वाद झाला तो सुरक्षेच्या दोरीबद्दल. सहकाऱ्याचं म्हणणं, प्रत्येक बदलाआधी ‘रीलोड इन १०’ लावायचं. सगळं ठीक झालं तर ‘रीलोड कॅन्सल’, आपण बाहेर फेकले गेलो तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होईल आणि जुनं कॉन्फिग परत येईल. दूरच्या ॲक्सेस स्विचसाठी मला हे पटतं, दोन अटींवर. ती कमांड मध्येच सेव्ह करू का असं विचारते तेव्हा ‘नो’ म्हणायचं, आणि मधल्या काळात ‘राइट मेमरी’ला हात लावायचा नाही. सेव्ह केलं की परतायला जुनी जागाच उरत नाही. पण कोअर स्विचवर रीलोड म्हणजे एका पोर्टच्या चुकीसाठी दोन्ही इमारती खाली पाडणं. तिथे ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर ५’ वापरावं. पाच मिनिटांत ‘कॉन्फिगर कन्फर्म’ दिलं नाही तर स्विच रीबूट न होता फक्त कॉन्फिग मागे फिरतं. त्यासाठी ‘आर्काइव्ह’मध्ये प्रती ठेवायची जागा आधीच ठरवलेली हवी, आणि ती संकटाच्या वेळी ठरवता येत नाही. ज्युनिपर कंपनीच्या जुनॉस या प्रणालीत ही शिस्त मुळातच आहे. तिथे टाइप केलेली ओळ ‘कमिट’ कमांडने पक्की होईपर्यंत लागूच होत नाही. ‘शो’पुढे रेघ आणि ‘कम्पेअर’ दिलं की काय बदलणार ते दिसतं, आणि ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं तर दहा मिनिटांत दुजोरा न मिळाल्यास आधीचं कॉन्फिग परत येतं. आयओएसमध्ये एंटर मारला की ओळ त्याच क्षणी लागू. म्हणून आयओएसवर एंटरच्या आधीचा क्षण जपायचा.

सेव्हच करू नका, असा धडा मी यातून काढत नाही. सेव्ह न केलेला स्विच रात्री वीज जाऊन आली की बदल विसरतो, आणि मग सकाळी वेगळंच कोडं सोडवत बसावं लागतं. आम्ही एवढंच ठरवलं, की काम सुरू करायच्या आधी चालू कॉन्फिगची एक प्रत स्विचच्या फ्लॅश मेमरीमध्ये तारखेसह ठेवायची. म्हणजे सेव्ह कधीही केलं तरी आधीचं चित्र कुठेतरी राहतं.

सहा आठवड्यांनी व्हीलॅन ५० तयार करायची वेळ आली. या वेळी कीबोर्डवर सहकारी होता, मी शेजारी. त्याने ‘टर्मिनल मॉनिटर’ दिलं. चालू कॉन्फिगची प्रत फ्लॅशमध्ये टाकली. दोन्ही टोकांची ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ची उत्तरं शेजारी शेजारी उघडून ठेवली. कोअरवर रिव्हर्ट टायमर लावला. मग पोर्टमध्ये शिरून टॅब दाबत दाबत ओळ ‘व्हीलॅन’पर्यंत आणली आणि थांबून प्रश्नचिन्ह दाबलं. पर्याय आले. त्याने ते पुटपुटत वाचले, ‘ॲड ५०’ लिहिलं, एंटर मारला. स्क्रीनवर लॉगची एकच ओळ आली, व्हीलॅन ५० अप. आम्ही दोघं अर्धा मिनिट डाउनची ओळ येते का बघत होतो. आली नाही.

“सर, कन्फर्म करू?”

“आधी दोन्ही टोकं बघ.”

त्याने ‘डू शो इंटरफेसेस ट्रंक’ दिलं आणि दोन्हीकडच्या याद्या बोट ठेवून वाचल्या. ७० पाशी बोट जरा जास्त थांबलं. ‘कॉन्फिगर कन्फर्म’ दिलं. मग ‘शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस’. अधिकच्या खुणेच्या काही ओळी आणि वजाच्या खुणेची एक, जुनी यादी, सहाच्या सहा आकड्यांसकट. ती त्याने वहीत उतरवून घेतली आणि मगच सेव्ह केलं.